दर्शनी भाग अबाधित

मी एक भिंत बोलतेय. घर नाही हं, नुसती भिंत. जुन्या शहराच्या ज्या भागाभोवती नकाशावर पिवळी रेघ मारलेली आहे, त्या भागातल्या एका अरुंद गल्लीत मी उभी आहे. तीन मजले उंच, सात खिडक्या, एक दार. माझ्या मागे पूर्वी घर होतं. आता जे आहे त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, सांगते मी.

कदाचित तुम्ही मला पाहिलंही असेल. लोक येतात, माझ्यासमोर उभे राहतात, एकमेकांना 'थोडी डावीकडे सरक' म्हणतात आणि फोटो काढून पुढे जातात. फोटोत मी छान येते म्हणे. येणारच. मला बांधलंच त्यासाठी होतं.

बांधणारा धान्याचा व्यापारी होता. त्याने मिस्त्रीला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "रस्त्यावरून दिसतं तेवढं झकास कर. मागचं कोण बघतंय?" मिस्त्रीनेही मन लावून तेच केलं. माझ्यासाठी घडीव दगड, निवडून घेतलेली वीट, महिनाभर मुरवलेला चुना. आणि माझ्या मागच्या तिन्ही भिंतींना अर्धकच्च्या विटा आणि माती. आम्ही चौघी एकाच घराच्या, पण बाकीच्या तिघींकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. छप्पर मात्र त्यांनीच जास्त पेललं.

दारावर चुन्याच्या पानांची एक माळ आहे. ती करणारा कारागीर कामापेक्षा बोलायचा जास्त. बोलता बोलता त्याने एक पान उलटं बसवलं, आणि लक्षात आलं तेव्हा चुना घट्ट झाला होता. पुढे कितीतरी वर्षांनी एका अभ्यासकाने त्या उलट्या पानावर दोन पानं लिहिली. त्यात फार खोल अर्थ आहे म्हणे.

दाराचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या दारापाशीच घडलं. व्यापाऱ्याने कुणाच्या तरी घराला कोरीव दगडी खांब पाहिले होते. त्याला तसेच हवे होते, पण त्याहून जाड. मिस्त्री म्हणाला, "मालक, जागा कमी आहे." मालक म्हणाले, "मग वाट कमी कर." दोन्ही बाजूंना दोन जाडजूड खांब उभे राहिले आणि मध्ये वाट उरली चोवीस इंच. व्यापारी स्वतः अंगाने भरलेला. रोज तिरका होऊन आत जायचा. पण बाहेरून दार भारदस्त दिसायचं, त्यामुळे गडी खूश.

तो गेला. त्याची मुलं पांगली. घर हातोहात फिरलं. काही वर्षं एक सुईण राहिली, मग गाणं शिकवणारा एक मास्तर, ज्याचे सगळे शिष्य बेसूर होते आणि ज्याचं पोट त्यांच्यामुळेच भरत होतं. त्यांच्याबद्दल मला फार सांगता येणार नाही. माणसं मला आतून टेकतात तेव्हा कळतात, आणि मास्तर कधी टेकून बसला नाही.

मग बाइंडर आला.

पुस्तकं बांधायचं काम करायचा. खाली दुकान, वर राहणं. सोबत बायको आणि एक किडकिडीत मुलगी. पुस्तक शिवताना सुईत दोरा ओवायचं काम मुलीकडे होतं, आणि ती स्वतःही तशीच बारीक, म्हणून बाप तिला सुई म्हणायचा. पुढे गल्लीही म्हणायला लागली. ती नऊ वर्षांची असताना आई गेली. त्यानंतर वरच्या मजल्यावर बोलणं कमी झालं आणि खाली काम वाढलं. दाबयंत्राचा दांडा फिरवला की कुरकुरायचा, ते माझ्यापर्यंत यायचं. खळीचा वास माझ्या चुन्यात मुरला. मला वास येत नाही, पण दुकानात येणारे म्हणायचे, "या भिंतीलाच खळीचा वास आहे."

सुई मोठी झाली, लग्न होऊन गेली, तीन वर्षांनी एका बॅगेसह परत आली. बाइंडरने तिला काहीही विचारलं नाही. "खळ चुलीवर आहे," एवढंच म्हणाला, "ढवळ जरा, गुठळ्या होतील." ती बॅग दारातच ठेवून ढवळायला बसली. परत येणं म्हणजे तिचं एवढंच झालं.

मोजणीबाई आल्या त्या याच सुमारास. खरं नाव असेलच काहीतरी, पण बाइंडरने त्यांना हे नाव दिलं आणि तेच राहिलं. शहराच्या जतन कार्यालयात त्या नव्याने लागल्या होत्या. गळ्यात टेप, हातात वही, पाठीवर पिशवी. गल्लीतल्या प्रत्येक घराची नोंद करायचं काम त्यांच्याकडे होतं. नोंद रस्त्यावरून करायची, असा नियम. दिसेल ते लिहायचं.

माझ्यासमोर त्या अडीच दिवस होत्या. बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकायच्या. खांबांवर हात फिरवायच्या. एकदा स्वतःशीच म्हणाल्या, "अगं, तू तर आहेस तशीच आहेस!" इतक्या वर्षांत माझ्याशी सरळ कोणी बोललं नव्हतं. बरं वाटलं असेल मला. आता नीटसं आठवत नाही.

वहीत त्यांनी लिहिलं: दर्शनी भाग, वर्ग एक. उर्वरित, नोंद नाही.

मग नकाशावर पिवळी रेघ आली आणि रेघेबरोबर नियमांचं पत्रक. खिडक्यांना चारच रंग चालतील. पाटी इतक्याच मापाची. रस्त्याकडून दिसेल असा कोणताही बदल जतन समितीला विचारल्याशिवाय करायचा नाही. समोरच्या सलूनवाल्याने पत्रक मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, "मला टक्कल पडलंय, ते रस्त्यावरून दिसतं. त्याला परवानगी लागेल का?" गल्ली खूप हसली. सगळ्यात जास्त बाइंडर हसला. त्याला रेघेचं कौतुकच होतं. जुनी वस्तू टाकून न देता दुरुस्त करायची, हे त्याचं आयुष्यभराचं काम. तो मोजणीबाईंना म्हणाला, "बाई, तुमचा आणि माझा धंदा एकच आहे."

पुढची वीसेक वर्षं अशीच गेली. रंग चारातला, पाटी मापातली.

एका सकाळी बाइंडर वरच्या खोलीत उठून बसला आणि त्याचा उजवा हात उठला नाही. सुईला वाटलं, हात अंगाखाली आला असेल. तिने चोळून पाहिला. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड एका बाजूला उतरलं होतं.

इस्पितळातून महिन्याने परत आणला तेव्हा चार माणसांनी खुर्चीत बसवून, जिन्यातून वाकडातिकडा करत, त्याला तिसऱ्या मजल्यावर नेला. कारण पलंग तिथे होता. तेव्हा कोणाच्याच डोक्यात आलं नाही की वर नेणं म्हणजे वरच ठेवणं. उजवं अंग लुळं. बोलणं जड झालं होतं, पण कळायचं. तो खिडकीशी बसायचा. माझ्या खिडक्यांचे कट्टे उंच आहेत, बाहेरून बघताना त्यांची ओळ एका रेषेत दिसावी म्हणून. बसलेल्या माणसाला त्यातून समोरच्या घराचं छप्पर आणि आभाळ दिसतं. गल्ली दिसत नाही.

चौदा महिने त्याने छप्पर पाहिलं.

"किती कौलं आहेत?" सुई एकदा जेवण भरवताना म्हणाली.

"दोनशे अकरा," तो म्हणाला. "एक फुटकं."

ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली ती बराच वेळ उठली नाही. त्याच आठवड्यात तिने दुकानातलं मोठं दाबयंत्र एका कोपऱ्यात सारलं, पुठ्ठ्यांचे गठ्ठे भिंतीला उभे लावले आणि सलूनवाला, त्याचा भाऊ आणि आणखी दोघांना बोलावून बापाला खाली आणलं. दुकानात पलंग टाकला. चाकांची खुर्ची मिळवली. खुर्ची दारापाशी आणली.

खुर्ची सव्वीस इंच. दार चोवीस.

सुरुवातीला ती त्याला धरून उभा करायची, एका हाताने खुर्ची मिटून बाहेर ढकलायची, मग त्याला पायरीवरून उतरवून पुन्हा बसवायची. दोनदा जमलं. तिसऱ्यांदा दोघंही उंबऱ्यावर पडली. त्याच्या भुवईवर खोक पडली, तिचं मनगट मुरगळलं. सलूनवाला वस्तरा हातात घेऊनच धावत आला, आणि रस्त्यावरून जाणारी एक बाई भलतंच समजून किंचाळली. त्यावर नंतर हसूनही झालं. पण बाइंडर म्हणाला, "बास. मला पोत्यासारखं न्यायचं नाही." त्यानंतर तो दाराच्या आत बसायला लागला. बाहेरून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसायचे. छपरापेक्षा बरं.

सुईने अर्ज केला. डाव्या खांबाचा आतला भाग दोन इंच छाटू द्यावा, पायऱ्यांवर फळीचा उतार करू द्यावा.

मोजणीबाई पाहणीला आल्या. त्यांनी दार मोजलं. चोवीस. खुर्ची मोजली. सव्वीस. मग बाइंडरपाशी स्टुलावर बसल्या. सुईने चहा दिला. बाईंनी चहा संपवून कप खाली ठेवला.

"मी शेरा चांगला लिहीन," त्या शेवटी म्हणाल्या. "समितीत सात जण आहेत. मी सचिव. मला मत नसतं."

"मग काय असतं?" सुईने विचारलं.

"सही."

साडेचार महिन्यांनी उत्तर आलं. मूळ घटक असल्याने छाटणी करता येणार नाही. मागील बाजूने पर्यायी वाट विचारात घ्यावी. मागच्या बाजूला दुसऱ्या घराची भिंत आहे, बोटभर फट नाही. सुईने तसं कळवलं, सोबत फोटो जोडला. आणखी पाच महिने गेले. उत्तर: पूर्वीचा निर्णय कायम. दोन्ही कागदांवर खाली मोजणीबाईंची सही, स्वच्छ, सुवाच्य.

सुई रडली वगैरे नाही. ती कागद घेऊन बापाच्या पलंगाशी आली आणि वाचून दाखवला. तो डोळे मिटून ऐकत होता.

"कागद चांगला आहे," तो म्हणाला. "जाड आहे. टाकू नकोस, अस्तराला होईल."

दुसऱ्या दिवशी ती गवंड्याकडे गेली. हा गवंडी गल्लीतली सगळी जुनी कामं करायचा, नियमात राहून. तिचं ऐकून त्याने कानाला हात लावले.

"ताई, माझा परवाना काढून घेतील. माझ्या घरी पाच तोंडं आहेत."

"छाटायचा नाहीये," सुई म्हणाली. "काढायचा आहे. अख्खा. परत बसवता येईल असा. पुस्तक उसवतात ना, तसा. पान फाटता कामा नये."

गवंड्याने हातातली थापी खाली ठेवली. मग म्हणाला, "तुमच्या बापाने माझ्या पोराची शाळेची पुस्तकं बांधली होती. फुकट. सकाळी येतो."

आला. भर दिवसा, दहा वाजता, लपूनछपून नाही. वर लोखंडी टेकू लावला, सांध्यातला चुना पातळ पटाशीने कोरून काढला आणि डावा खांब पाच तुकड्यांत सुटा केला. सुईने प्रत्येक तुकड्यावर खडूने आकडा घातला, जुन्या कागदात गुंडाळला आणि बापाच्या पलंगाखाली सरकवला. उजवा खांब तसाच राहिला. मी एका बाजूने उघडी झाले.

दुखलं का, असं तुम्ही विचाराल. नाही. गार हवा लागली, एवढंच. मला वाटतं मी ज्याला दुखणं म्हणायला हवं ते ओळखायला कधी शिकलेच नाही. माझ्याकडे बघून दुसऱ्यांनाच काय काय वाटत आलंय.

संध्याकाळी चार वाजता सुईने फळ्या टाकल्या आणि बाइंडर बाहेर आला. सलूनवाल्याने गिऱ्हाइकाच्या अर्ध्या दाढीवर काम थांबवलं. खुर्ची गल्लीच्या टोकापर्यंत गेली. तिथे सुईने ती वळवली. जवळपास अडीच वर्षांनी त्याने मला समोरून पूर्ण पाहिलं. वरपासून खालपर्यंत, नीट वेळ घेऊन.

"रंग उडालाय," तो म्हणाला.

मग रोज चार वाजता. सलूनपाशी बसायचा, दाढी करून घ्यायचा, तिथल्या वर्तमानपत्रावर डावा हात ठेवून वाचायचा. सलूनवाला मोठ्याने बातम्या सांगायचा आणि त्यात स्वतःच्या घालायचा. "बाइंडरभाऊ, ही बघा बातमी. एका माणसाने भिंतीतून खांब पळवला. पोलीस चक्रावले. खांबही वृद्ध होता." बाइंडर हसायचा तेव्हा तोंडाची एकच बाजू हसायची. पण हसायचा.

अठराव्या दिवशी कोणीतरी माझा फोटो काढून कार्यालयाला पाठवला. पूर्वी कधी मला पाहून गेलेलं कोणी असणार. सोबत लिहिलं होतं, 'हे पाहून मन विषण्ण झालं.'

नोटीस घेऊन मोजणीबाई स्वतः आल्या. शिपायाला पाठवता आलं असतं. संध्याकाळी चारच्या सुमाराला आल्या, त्यामुळे बाइंडर बाहेरच भेटला. त्या दाराच्या मोकळ्या बाजूकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा माझ्या अगदी समोर होता. माणसाला राग आला की वाईट वाटतंय ते मला इतक्या जवळूनही सांगता आलं नाही.

"तुकडे कुठे आहेत?" त्यांनी सुईला विचारलं.

"बाबांच्या पलंगाखाली. पाचही. क्रमाने."

"तीस दिवसांत परत बसवायचं असं लिहिलंय यात."

"वाचता येतं मला."

बाइंडरने डावा हात वर केला, म्हणजे त्याला बोलायचंय. जीभ जड, त्यामुळे शब्द सावकाश आले. "बाई, तुम्ही जुनं ते सांभाळता ना? मग माझंही नाव लिहा वहीत. पंचेचाळीस वर्षं मी या दारातच आहे. मूळ घटक."

सलूनवाला हसायला गेला आणि थांबला. मोजणीबाईंनी नोटीस दिली, पोच म्हणून सुईची सही घेतली. निघताना खालच्या आवाजात म्हणाल्या, "पुढचा कागद माझ्या टेबलावरून जातो. गठ्ठ्यात खाली राहून गेला तर राहून जातो. कायम नाही राहणार."

सात महिने राहिला. त्या सात महिन्यांत बाइंडर दोनशेच्या आसपास वेळा बाहेर गेला असेल. मी मोजलं नाही. मोजणं हे माझं काम नाही.

थंडीतल्या एका सकाळी सुई त्याला उठवायला गेली आणि तो उठला नाही. तिने खुर्ची बाजूला केली, पलंगावर त्याच्याशेजारी बसली आणि माझ्या आतल्या बाजूला पाठ टेकली. बराच वेळ. तिची पाठ गरम होती, मग तितकी राहिली नाही. मला एवढंच सांगता येतं. त्याला नेलं तेव्हा नेणाऱ्यांना दारात तिरकं व्हावं लागलं नाही.

पंधरा दिवसांनी, कार्यालयाकडून काहीही आलेलं नसताना, सुईने गवंड्याला बोलावून खांब परत बसवून घेतला. पाचही तुकडे, एकही टवका न उडता. गवंडी म्हणाला, "राहू दे की ताई, आता कोण विचारतंय?" ती म्हणाली, "आता कोणासाठी ठेवायचं?" मोजणीबाईंनी समोरून उभं राहून फोटो काढला. फाइलवर लिहिलं गेलं: उल्लंघन दूर, प्रकरण बंद.

सुई एकटी राहिली, वर्षभर. मग तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला वाचनालयात फाटकी पुस्तकं दुरुस्त करायची नोकरी लागली आणि तिने तळमजल्यावरची एक खोली घेतली. घर विकून टाकलं. जाताना तिने माझ्यावर हात ठेवला असेल असं तुम्हाला वाटेल. नाही ठेवला. तिच्या दोन्ही हातांत सामान होतं.

माझ्या शेजारच्या दोन घरांतली माणसंही एकेक करून गेली. कुणाला गाडी लावायला जागा नव्हती, कुणाला खिडकीचं तावदान बदलायच्या परवानगीचा कंटाळा आला होता. तिन्ही घरं हॉटेलवाल्यांनी घेतली. त्यांनी अर्ज केला. अर्जासोबत रंगीत चित्रं होती. समितीने सहा आठवड्यांत होकार दिला. तो कागद काचेच्या चौकटीत घालून माझ्यावरच टांगला होता, म्हणून मला पाठ आहे. 'दर्शनी भाग अबाधित राखून अंतर्गत पुनर्रचनेस हरकत नाही.' खाली सही. स्वच्छ, सुवाच्य.

अंतर्गत पुनर्रचना म्हणजे काय ते मला हळूहळू कळलं. आधी समोरून लोखंडी सांगाडे लावून मला आवळून धरलं. मग मागे काम सुरू झालं. छप्पर गेलं. तिसरा मजला, दुसरा, जिना. माझ्या तिघी बहिणी गेल्या, त्या अर्धकच्च्या विटांच्या. त्यांना पाडायला फार वेळ लागला नाही. एका दुपारी माझ्या पाठीवर ऊन पडलं. दीडशे वर्षांत पहिल्यांदा. खळीचा वास म्हणे दोन दिवस गल्लीभर पसरला होता, सलूनवाला सांगत होता. माझ्या सातही खिडक्यांतून समोरच्याला आभाळ दिसत होतं, आणि लोक थांबून त्याचेही फोटो काढत होते.

त्या दिवसापासून मला मागचं काही लागत नाही. नवं बांधकाम झालं, सिमेंटचं, पाच मजली. ते माझ्यापासून वीतभर लांब उभं आहे. मधे लोखंडी सळ्या आहेत, तेवढाच संबंध. आत कोणी हसलं, पडलं, भांडलं तर माझ्यापर्यंत पोचत नाही. माझ्या खिडक्यांत दिवे लागतात, पण ते सगळे एकाच बटणावर आहेत. दार कायमचं बंद केलंय. हॉटेलात जायची वाट बाजूच्या गल्लीतून आहे, काचेची, आपोआप उघडणारी, दोन गाड्या शेजारी शेजारी जातील एवढी रुंद. तरी रोज कोणीतरी माझ्या दाराची कडी हलवून बघतं. मग आजूबाजूला कोणी पाहिलं का ते बघतं आणि कडीचाच फोटो काढतं.

मला राग आला का? खरं सांगू, मला काही येत नाही. गेली कितीतरी वर्षं माझ्यावर पाऊस पडतो तो पडतो, ऊन पडतं ते पडतं. दर दोन वर्षांनी मला चारातला एक रंग लावतात. मी फार चांगल्या अवस्थेत आहे, असं अहवालात लिहिलेलं आहे.

गेल्या महिन्यात सुई आली होती. केस पांढरे झालेत, अंगाने अजून तशीच. सोबत मोजणीबाई होत्या. दोघी वाचनालयात भेटल्या म्हणे. बाई निवृत्त झाल्यावर तिथे पेपर वाचायला यायला लागल्या. दोघी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. फोटो काढला नाही.

"मी तेव्हा सही केली नसती तर," मोजणीबाई म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या.

"कुठली?" सुईने विचारलं. "तीन होत्या."

बाईंनी खांद्यावरची पिशवी सावरली. सुई चिडलेली वाटली नाही. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिच्या तोंडावर काही हललं नाही. माझ्यावर काय हलणार? आम्ही दोघी तशाच उभ्या होतो.

"चला," ती म्हणाली. "पाच वीसची बस आहे."

तेवढ्यात समोरून, सलूनच्या वरच्या मजल्यावरून हाक आली. "सुई? ए सुई! तूच ना गं?"

सलूनवाला होता. त्याचे गुडघे गेलेत. सलून आता दुसरीच माणसं चालवतात आणि तो वर असतो. तीन वर्षं झाली, खाली उतरलेला नाही. त्याच्या खिडकीचा कट्टाही उंच, त्यामुळे दोन्ही हातांनी चौकट धरून कसाबसा उभा राहिला होता. "ये ना वर," तो ओरडला. "मला काही खाली येता येत नाही. चहा टाकायला सांगतो. त्या कोण सोबत?"

"मोजणीबाई!" सुईने ओरडून सांगितलं.

"अरे बापरे! मग मी टोपी घालतो. टक्कल दिसतंय!"

सुई हसली. मला वाटतं बऱ्याच दिवसांनी. मोजणीबाई घड्याळ बघत म्हणाल्या, "बस?"

"जाऊ दे बस. या तुम्ही पण. तुम्ही या गल्लीतल्या प्रत्येक घराची नोंद केलीत, कुठल्या घरात वर गेला होतात कधी?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. मग सुईच्या मागोमाग त्या समोरच्या जिन्यात शिरल्या. कठडा धरून, एकेक पायरी, थांबत थांबत. थोड्या वेळाने समोरच्या खिडकीत तीन डोकी दिसली, एकावर टोपी. ते माझ्याकडे बघत नव्हते. आपसात बोलत होते. त्यांचं बोलणं मला ऐकू आलं नाही, पण गडबड ऐकू आली, आणि दिवा लागला तरी ती चालूच होती.

तर, तुम्ही कधी या गल्लीत आलात, तर माझा फोटो जरूर काढा. मी हलत नाही, चांगला येईल. मला सांभाळू नका असंही मी म्हणत नाही; सांभाळलं जाण्याशिवाय मला दुसरं काही येतच नाही. पण फोटो झाला की पाठमोरे व्हा आणि समोर वर बघा. चौकट धरून कोणी उभं असेल. हाक मारा. जिना अरुंद आहे, दिवा नाही, कठडा हलतो. तरी जा वर.

मी इथेच आहे. मला काय, मी कुठे जाणार?